रोम ते व्हेनिस रेल्वेने: पहिल्यांदा इटलीला निघालेल्या दोघांसाठी

इटलीत रेल्वेगाड्यांच्या दोन जाती आहेत आणि त्यांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत. वेगवान गाडीत तुमची तारीख, वेळ, डबा, जागा सगळं ठरलेलं असतं. ती चुकली तर स्वस्तात घेतलेलं तिकीट वाया जातं. प्रादेशिक गाडीत जागा ठरलेली नसते आणि भाडं आज घ्या की महिन्याआधी, सारखंच असतं. पण गाडीत चढण्याआधी कागदी तिकिटावर यंत्रात शिक्का मारून घ्यावा लागतो. नवख्यांना बसणारा दंड, चुकलेल्या गाड्या, फुकट गेलेले पैसे यांतलं बरंचसं या एका फरकाकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतं. म्हणून प्रत्येक तिकीट हातात आलं की आधी विचारा: हे कुठल्या जातीच्या गाडीचं?

पुढचं सगळं दोन जणांच्या, नऊ-दहा रात्रींच्या, पहिल्या प्रवासासाठी आहे. मार्ग रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस हाच धरला आहे, कारण तिन्ही शहरं एकाच वेगवान लोहमार्गावर येतात आणि तिन्हींमधलं मुख्य स्टेशन शहराच्या आतच आहे.

आधी रात्री मोजा, मग शहरं

रोमला चार, फ्लॉरेन्सला तीन, व्हेनिसला दोन किंवा तीन रात्री. यात मिलान, नेपल्स, चिंक्वे तेर्रे, सिएना असं सगळं कोंबलं की एक ना धड भाराभर चिंध्या होतात. रोम-फ्लॉरेन्स गाडी दीड तासाचीच असली तरी खोली सोडणं, स्टेशन गाठणं, नव्या गावी सामान ठेवणं यात अर्धा दिवस जातो. मुक्काम तीनच ठेवा आणि आसपासची गावं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या बेताने पाहा.

विमानाचं तिकीट जाताना रोमला आणि येताना व्हेनिसहून किंवा मिलानहून, असं ‘मल्टी-सिटी’ पर्यायातून काढा. परतीसाठी पुन्हा रोमला यायचं म्हणजे जवळपास चार तासांचा रेल्वेप्रवास आणि एक दिवस गेला.

रात्री वाटताना वार पाहायला विसरू नका. फ्लॉरेन्समधलं उफिझी संग्रहालय आणि मायकेलँजेलोचा ‘डेव्हिड’ जिथे आहे ती अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद असतात. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद, तेव्हा प्रवेश फुकट आणि गर्दी अफाट. रविवारी बंद असल्यामुळे व्हॅटिकनला सोमवारीही झुंबड असते. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, पण त्या दिवशी कोलोसियमला जायचा मोह टाळलेला बरा.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चांगले महिने. जुलै-ऑगस्टमध्ये रोम आणि फ्लॉरेन्स भाजून काढतात आणि १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो सणाच्या आसपास गल्लीतली बरीच दुकानं, खाणावळी बंद असतात.

व्हिसा, आणि पैसे कोणत्या क्रमाने गुंतवायचे

पर्यटनासाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर भेटीची वेळ मिळणं हाच मोठा अडथळा, तेव्हा दोन-अडीच महिने हाताशी ठेवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा हवा. मोठ्यांसाठी व्हिसाचं शुल्क जून २०२४पासून ९० युरो आहे; अर्ज केंद्राचा आकार वेगळा.

दोघे बरोबर जात असलात तरी अर्ज दोन, फाइली दोन. हॉटेलच्या आरक्षणावर दोघांचीही नावं पासपोर्टप्रमाणे हवीत. एकाच्याच नावावर खोली असली की दुसऱ्याच्या फाइलीत राहण्याचा पुरावाच राहत नाही. दिवसांचा आराखडा दोघांनी तोच जोडा; एकात फ्लॉरेन्स तीन रात्री आणि दुसऱ्यात दोन, अशी तफावत नजरेत भरते.

क्रम असा ठेवा: आधी रद्द करता येणारी हॉटेलं, मग व्हिसा, मग रेल्वे आणि संग्रहालयांची तिकिटं. पासपोर्टवर व्हिसा चिकटून येण्याआधी परत न मिळणारी रेल्वे तिकिटं काढू नका. दहा-वीस युरो वाचवायच्या नादात सगळंच बुडू शकतं.

आणखी एक गोष्ट घरूनच उरका. भारतीय बँकांच्या कार्डांवर परदेशातला वापर आपोआप सुरू नसतो. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ‘आंतरराष्ट्रीय’ व्यवहार, आणि त्यातही ऑनलाइन, दुकानातले आणि टॅप करून होणारे असे सगळे प्रकार सुरू करा. इटलीच्या तिकीटयंत्रासमोर कार्ड नाकारलं जाण्याचं हे सर्रास आढळणारं कारण आहे.

वेगवान गाडीचं तिकीट

दोन कंपन्या एकाच रुळांवर गाड्या चालवतात. त्रेनितालिया ही सरकारी; तिच्या वेगवान गाडीचं नाव फ्रेच्चारोस्सा, म्हणजे लाल बाण. दुसरी इतालो, खासगी, २०१२पासून. दोन्ही चांगल्या आणि दोन्ही ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावतात. पण एकीचं तिकीट दुसरीला चालत नाही. इतालो चुकली म्हणून शेजारच्या फलाटावरच्या फ्रेच्चारोस्सात चढलात तर तुम्ही विनातिकीट प्रवासी ठरता.

शोधताना शहरांची इटालियन नावं टाका: रोमा, फिरेन्त्से, व्हेनेत्सिया, मिलानो, नापोली. आणि स्टेशन नीट पाहून निवडा, इथे घोटाळे फार होतात. रोमला तेर्मिनी हवं. तिबुर्तिना शहराच्या पूर्वेला आहे. फ्लॉरेन्सला सांता मारिया नोव्हेल्ला हवं. काम्पो दी मार्ते आणि रिफ्रेदी बाजूला पडतात. व्हेनिसला सांता लुचिया हवं. मेस्त्रे हे खाडीच्या अलीकडचं, जमिनीवरचं स्टेशन आहे.

प्रवासाला लागणारा साधारण वेळ असा:

- रोम ते फ्लॉरेन्स: दीड तास
- फ्लॉरेन्स ते व्हेनिस: सव्वादोन तासांच्या आत-बाहेर
- व्हेनिस ते मिलान: अडीच तासांच्या आत-बाहेर
- रोम ते नेपल्स: सव्वा तास
- मिलान ते रोम: तीन तासांच्या आसपास

भाडं विमानासारखं चढत जातं. रोम-फ्लॉरेन्सचं तिकीट दीड-दोन महिने आधी वीस-तीस युरोंना मिळू शकतं. तेच आदल्या दिवशी पन्नास-साठपर्यंत जातं. त्रेनितालियाच्या भाड्याच्या तीन पायऱ्या असतात. ‘सुपर इकॉनॉमी’ सगळ्यात स्वस्त, पण ना बदलता येतं ना पैसे परत मिळतात. ‘इकॉनॉमी’ गाडी सुटण्याआधी एकदा बदलता येतं, भाड्यातला फरक भरून. ‘बेस’ महाग, पण सुटण्याआधी बदलता येतं आणि गाडी सुटून गेल्यावर तासाभराच्या आतसुद्धा स्टेशनात एकदा बदलून मिळतं.

यातलं काय घ्यावं? शहरातून शहरात सकाळी दहा-अकराला निघणार असाल तर सुपर इकॉनॉमी खुशाल घ्या, गाडी चुकायचं कारणच नाही. विमानातून उतरून त्याच दिवशी पुढची गाडी गाठायची असेल तर मात्र बेसच घ्या. विमान दोन तास उशिरा आलं, पासपोर्ट तपासणीच्या खिडकीवर रांग लागली, बॅग यायला वेळ लागला, की स्वस्त तिकिटाचा कागद होतो. पहिला मुक्काम रोममध्येच ठेवला तर हा प्रश्नच उरत नाही.

दोघांची तिकिटं एकाच आरक्षणात काढा म्हणजे जागा शेजारी किंवा टेबलाशी समोरासमोर मिळते. वर्ग सगळ्यात साधा पुरतो. जागा ऐसपैस, सॉकेट हाताशी. तिकीट कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर घ्या. मध्यस्थ ॲप वर शुल्क लावतात आणि बदल करायची वेळ आली की स्टेशनातली खिडकी तुम्हाला त्यांच्याकडेच पाठवते. युरोपभर चालणारा रेल्वे पास तीन-चार प्रवासांसाठी परवडत नाही, कारण वेगवान गाडीत जागेचं आरक्षण त्यावर वेगळे पैसे भरून करावं लागतं.

प्रादेशिक गाडीचं तिकीट आणि तो शिक्का

हिचं नाव ‘रेजोनाले’. आपल्याकडच्या पॅसेंजरसारखी: लहान गावांना थांबत जाते, मिळेल त्या जागेवर बसायचं. भाडं अंतरावर ठरतं, तिकिटं संपत नाहीत, म्हणून आधी काढण्यात काही फायदा नाही. जायच्या दिवशी काढा.

कागदी तिकिटावर गाडीची वेळ नसते. त्यामुळे ते कधी वापरलं हे कळावं म्हणून फलाटाच्या तोंडाशी भिंतीला किंवा खांबाला लावलेल्या छोट्या यंत्रात तिकिटाचं टोक घालून तारीख-वेळ छापून घ्यावी लागते. याला ‘कोन्व्हालीदा’ म्हणतात. छापल्यापासून चार तासांत प्रवास पूर्ण करायचा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे पुन्हा वापरता येईल असं तिकीट, म्हणून तपासनीस ते विनातिकिटासारखंच धरतो आणि ‘आम्ही परदेशी, माहीत नव्हतं’ हे चालत नाही. दंड तिकिटाच्या कितीतरी पट असतो आणि तो माणशी असतो.

शिक्का खरंच उमटला का, हे तिकीट उलटून पाहा. यंत्र बंद असेल तर पेनने तिकिटावर स्टेशन, तारीख, वेळ लिहा आणि गाडीत चढताच तपासनिसाला आपण होऊन भेटा.

फोनवर घेतलेल्या प्रादेशिक तिकिटाला शिक्का लागत नाही, पण ‘चेक-इन’ लागतं: ॲपमध्ये किंवा ईमेलमधल्या दुव्यावर जाऊन गाडीत चढण्याआधी ते बटण दाबायचं. तळघरातल्या फलाटावर इंटरनेट हुलकावणी देतं. स्टेशनच्या दारातच दाबून टाका. दोघांची तिकिटं एका फोनवर असतील तर दोन्हींचं चेक-इन झालं का, तेही पाहा.

वेगवान गाडीच्या तिकिटाला यातलं काहीच लागत नाही. त्यावर गाडी आणि जागा आधीच लिहिलेली असते.

स्टेशनात: क्रमाने

१. निघायच्या अर्धा तास आधी पोहोचा. विमानतळासारखी सामानाची तपासणी नसते, पण तेर्मिनी, सांता मारिया नोव्हेल्ला आणि मिलानच्या मध्यवर्ती स्टेशनात फलाटांच्या तोंडाशी फाटक असतं. तिथे तिकीट दाखवूनच आत सोडतात.

२. मोठ्या फलकावर ‘पार्तेन्झे’ म्हणजे सुटणाऱ्या गाड्या शोधा. ‘अर्रीव्ही’ म्हणजे येणाऱ्या. त्या फलकासमोर उभं राहून गाडी सापडत नाही म्हणून घाबरलेले प्रवासी रोज दिसतात.

३. फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन असतं, तुमचं नाही. रोमहून फ्लॉरेन्सला जाणाऱ्या गाडीपुढे मिलानो, तोरिनो किंवा व्हेनेत्सिया लिहिलेलं असेल. म्हणून नाव शोधूच नका, तिकिटावरचा गाडी क्रमांक शोधा आणि सुटण्याची वेळ जुळवा. घड्याळ चोवीस तासांचं: दुपारचे अडीच म्हणजे १४:३०.

४. ‘बिनारियो’ म्हणजे फलाट. तो क्रमांक बहुतेकदा सुटण्याआधी दहा-वीस मिनिटंच झळकतो. तोवर फलकासमोर थांबा, अंदाजाने फलाटावर जाऊ नका. शेवटच्या क्षणी फलाट बदलतोही. ‘रितार्दो’ खाली आकडा असेल तर गाडी तितकी मिनिटं उशिरा.

५. फलाट कळला की लगेच चाला. डबा म्हणजे ‘कार्रोत्सा’, जागा म्हणजे ‘पोस्तो’. गाडी लांबलचक असते आणि तुमचा डबा नेमका पार टोकाला असू शकतो. वेळ अगदीच कमी उरला तर समोरच्या डब्यात चढा आणि आतून चालत जा.

तेर्मिनीत फलाट २५ ते २९ मुख्य इमारतीपासून खूप लांब आहेत, सामानासह दहा मिनिटं चालावं लागतं. कितीतरी प्रादेशिक गाड्या तिथूनच सुटतात, म्हणून रोमहून समुद्राकडच्या गावांना जाणाऱ्यांनी ही दहा मिनिटं आधीच हिशेबात धरावीत.

तिकीटयंत्राशी कोणी मदतीला सरसावलं किंवा बॅग उचलू लागलं तर ठामपणे ‘नो ग्राझिये’ म्हणा. रेल्वेचा माणूस स्वतःहून असा येत नाही. मदतीनंतर पैसे मागितले जातात, किंवा एक जण बोलत असताना दुसऱ्याचा हात तुमच्या खिशात असतो. दोघे असण्याचा फायदा इथे घ्या: एकाने यंत्राकडे तोंड करायचं, दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ करून सामानाकडे.

गाडीत

सामान लगेजमध्ये देण्याची सोय नाही. स्वतः उचलून चढवायचं, डब्याच्या टोकाच्या फडताळात किंवा डोक्यावर ठेवायचं. म्हणून माणशी एक बॅग, आणि तीही तुम्हाला एकट्याने खांद्याच्या उंचीपर्यंत उचलता येईल इतकीच. मोठी बॅग फडताळात ठेवली तर स्टेशन आलं की तिच्यावर नजर ठेवा, पासपोर्ट आणि पैसे मात्र कायम अंगावर.

प्रादेशिक गाडीचं दार आपोआप उघडेलच असं नाही. दारावरचं बटण दाबावं लागतं. उतरतानाही तेच. दार उघडण्याची वाट पाहत उभं राहिलं की गाडी पुढच्या गावाला नेते.

फ्लॉरेन्सचं सांता मारिया नोव्हेल्ला हे शेवट असलेलं स्टेशन आहे: गाडी ज्या बाजूने आत येते त्याच बाजूने बाहेर पडते. रोमहून थेट व्हेनिसला जाताना इथे गाडीची दिशा उलटते आणि पुढे तोंड करून बसलेला माणूस मागे तोंड करून बसतो. गाडी परत रोमला निघाली असं वाटून उतरू नका.

फ्लॉरेन्स ते बोलोन्या या २००९मध्ये सुरू झालेल्या वेगवान मार्गाचे ७८ किलोमीटरपैकी ७३ किलोमीटर बोगद्यात आहेत. ॲपेनाइन डोंगर खिडकीतून पाहायचे मनसुबे करू नका. फोनही बराच वेळ मुका असतो. तिकिटाचं पान आधीच फोनमध्ये साठवून ठेवा. बोलोन्याला गाडी जेमतेम तीन-चार मिनिटं थांबते, वेगवान गाड्यांचे फलाट जमिनीखाली आहेत. तिथे उतरायचं असेल तर बोगद्यातच उठून दाराशी जा. आणि उतरलात तर वर येऊन प्रतीक्षालयाच्या बाहेरचं १०:२५ला थांबवलेलं घड्याळ जरूर पाहा. २ ऑगस्ट १९८० रोजी याच स्टेशनात झालेल्या बॉम्बस्फोटात ८५ माणसं गेली, त्यांची ती आठवण आहे.

रोम

फ्यूमिचीनो विमानतळावरून तेर्मिनीला ‘लिओनार्दो एक्स्प्रेस’ ३२ मिनिटांत, न थांबता नेते. भाडं १४ युरो. इटलीतलं हे बहुधा तुमचं पहिलंच तिकीट, आणि तेच प्रादेशिक जातीचं असतं: कागदी घेतलं तर शिक्का हवा. हॉटेल त्रास्तेव्हेरे किंवा ओस्तियेन्सेच्या बाजूला असेल तर एफएल-१ ही साधी गाडी ८ युरोंत तिथे थेट सोडते.

मेट्रो-बसचं एकेरी तिकीट १.५० युरो, १०० मिनिटं चालतं, पण मेट्रोचा प्रवास त्यात एकदाच. कार्ड फाटकावर टेकवूनही जाता येतं, मात्र प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. एकाच कार्डावर दोघे गेलात तर तपासणीत दुसऱ्याकडे तिकीट नसतं.

कोलोसियमची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर भेटीच्या तीस दिवस आधी खुली होतात, हंगामात पटापट संपतात. साधं तिकीट १८ युरो, त्यात रोमन फोरम आणि पालातिनो टेकडीही येते. तिकिटावर नाव असतं आणि दारात ओळखपत्राशी ते जुळवतात. पासपोर्ट जवळ हवा. पँथिऑनला जुलै २०२३पासून ५ युरोंचं तिकीट आहे. सेंट पीटर्स बॅसिलिकाचा प्रवेश फुकट आहे, पण संग्रहालयांचं दार वेगळं, भिंतीला वळसा घालून. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर बॅसिलिकात सोडत नाहीत; उन्हाळ्यात ओढणी किंवा उपरणं पिशवीत ठेवा.

रस्तोरस्ती लोखंडी नळ अखंड वाहत असतात, ‘नाझोनी’. पाणी पिण्याचं, थंडगार आणि फुकट. नळाच्या तोटीचं खालचं तोंड बोटाने बंद केलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, थेट तोंड लावून पिता येतं.

फ्लॉरेन्स, आणि एका दिवसात लुक्का-पिसा

स्टेशनातून कॅथेड्रलपर्यंत चालत दहा मिनिटं. सगळं शहर पायी होतं. कॅथेड्रलवरच्या, ब्रुनेलेस्कीने बांधलेल्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, वाट अरुंद आणि मध्ये परत फिरायला जागा नाही. गुडघे दुखत असतील किंवा कोंडल्यासारखं होत असेल तर खालूनच पाहा. वेळ आधी आरक्षित करावी लागते. उफिझीला सकाळी पहिली वेळ घ्या आणि तीन तास तरी ठेवा.

पिसाला जायचं तर नुसतं पिसा करू नका, गोल फेरी करा. सकाळी प्रादेशिक गाडीने लुक्का, साधारण सव्वा तास. तिथली चार किलोमीटरांहून थोडी लांब तटबंदी पूर्ण शाबूत आहे आणि तिच्यावर झाडांच्या सावलीत चालता येतं, भाड्याची सायकलही मिळते. दुपारी लुक्काहून पिसाकडे निघा आणि ‘पिसा सान रोस्सोरे’ या छोट्या स्टेशनावर उतरा. झुकता मनोरा इथून काही मिनिटांवर आहे. मुख्य स्टेशनातून चालत जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मनोऱ्यावर चढायचं तर वेळेचं तिकीट आधी काढा. पिशव्या खाली जमा कराव्या लागतात. संध्याकाळी पिसा चेंत्राले स्टेशनातून फ्लॉरेन्सला तासाभरात परत. तीन वेगळी प्रादेशिक तिकिटं, तीन शिक्के.

व्हेनिस

मेस्त्रेहून निघालेली गाडी सांता लुचियाला पोहोचायला दहा-बारा मिनिटं लागतात आणि त्यातला बराच वेळ ती पाण्यावरून जाते. हा रेल्वे पूल १८४६चा आहे. दोन्ही खिडक्यांतून खाडी दिसते, तेव्हा बॅगा आधीच आवरून ठेवा आणि पाहत बसा. बाहेर पडलात की पायऱ्यांखाली थेट ग्रँड कॅनाल.

राहायचं कुठे? मेस्त्रेत खोली स्वस्त असते, पण व्हेनिसचं खरं रूप रात्री नऊनंतर आणि सकाळी आठच्या आत दिसतं, गर्दी ओसरल्यावर. शक्य असेल तर दोन रात्री बेटावरच राहा. खोली ठरवताना मालकाला एकच प्रश्न विचारा: बोटीच्या थांब्यापासून घरापर्यंत किती पूल? प्रत्येक पुलाला पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर बॅग उचलावी लागते.

‘व्हापोरेत्तो’ ही तिथली बस, पाण्यावरची. स्टेशनासमोरच्या थांब्याचं नाव ‘फेर्रोव्हिया’. एका फेरीचं तिकीट ९.५० युरो, ७५ मिनिटांचं; चढण्याआधी यंत्राला टेकवायचं. मार्ग क्रमांक १ ग्रँड कॅनालवरच्या जवळपास प्रत्येक थांब्यावर थांबत सान मार्को चौकापाशी पाऊण तासात नेतो. दिवसात तीन-चारदा चढणार असाल तरच २४ तासांचं, २५ युरोंचं तिकीट घ्या.

२०२४पासून ठरावीक तारखांना, सकाळी साडेआठ ते दुपारी चारच्या दरम्यान येणाऱ्या, दिवसापुरत्या पाहुण्यांकडून प्रवेश शुल्क घेतात. व्हेनिस पालिकेच्या हद्दीत मुक्काम असेल, मेस्त्रेतही, तर ते माफ असतं. पण माफीची नोंदणी संकेतस्थळावर करून कोड जवळ ठेवावा लागतो.

तिसरी रात्र असेल तर एक सकाळ पादोव्हाला द्या. वेगवान गाडीने अर्ध्या तासाच्या आत. स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये जोत्तो या चित्रकाराने १३०५च्या सुमारास रंगवलेल्या भिंती आहेत. आरक्षणाशिवाय प्रवेश नाही. आधी पंधरा मिनिटं एका बंद खोलीत बसवतात, आतल्या हवेतला दमटपणा भित्तिचित्रांना लागू नये म्हणून, आणि मग आत पंधरा मिनिटं. त्या निळ्या छताखालच्या पंधरा मिनिटांसाठी केलेली धावपळ वसूल होते.

खाणं, विशेषतः शाकाहारी

‘सोनो व्हेजेतारियानो’ (बाईने म्हणताना ‘व्हेजेतारियाना’) एवढं पुरत नाही. पुढे ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’ जोडा, म्हणजे मांस नको, मासे नकोत. पिझ्झा नापोली किंवा रोमाना म्हटलं की त्यावर बारके मासे येतात, ‘अलीची’ किंवा ‘अच्चूगे’. भाज्यांचं सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. ‘ब्रोदो दी कार्ने?’ विचारा. मिलानच्या केशरी रिसोत्तोत हाडाची मज्जा असते, बोलोन्याकडच्या पियादिना पोळीत पारंपरिकरीत्या डुकराची चरबी. उलट ‘पेपेरोनी’ म्हणजे तिकडे चक्क ढोबळी मिरची, न घाबरता मागवा. पार्मेझान आणि पेकोरिनो चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने (दूध गोठवणाऱ्या द्रव्याने) बनतं. ते चालत नसेल तर ‘पिझ्झा मारिनारा’ घ्या, त्यावर चीज नसतंच. कांदा-लसूण नको असेल तर ‘सेन्त्सा आल्यो ए चिपोल्ला’.

पिसात ‘चेचीना’ मिळते: हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं जाडसर धिरडंच. आपल्या जिभेला ती ओळखीची वाटते.

कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्या. टेबलावर बसलात की तीच दुप्पट-तिप्पट होऊ शकते. बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणजे माणशी बसण्याचा आकार, ती फसवणूक नव्हे. कापून विकला जाणारा पिझ्झा वजनावर असतो आणि फळ्यावरचा दर पुष्कळदा ‘एत्तो’चा, म्हणजे १०० ग्रॅमचा. घरून चिवडा, बाकरवडी, मेतकूट न्या. पेढे, तूप, खव्याचं काही नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे.

बिनसलं तर

संप म्हणजे ‘शोपेरो’. तो आधी जाहीर होतो, म्हणून निघायच्या आठवड्यात हा शब्द आणि तारीख रोज शोधा. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. वेगवान गाड्यांपैकी कोणत्या नक्की धावणार याची यादी कंपनी प्रसिद्ध करते. विमान गाठायच्या दिवशी संप असेल तर आदल्या रात्रीच त्या शहरात जा.

गाडी तासाहून उशिरा पोहोचली तर तिकिटाचे २५ टक्के आणि दोन तासांहून उशिरा पोहोचली तर ५० टक्के परत मागता येतात. तिकिटाचा क्रमांक जपून ठेवा.

पासपोर्ट चोरीला गेला तर आधी पोलिसांकडे तक्रार, तिला ‘देनून्चा’ म्हणतात. तिची प्रत घेऊन रोममधला भारतीय दूतावास किंवा मिलानमधला वाणिज्य दूतावास. तातडीचा क्रमांक ११२.

दोघांनी काय वाटून घ्यायचं आणि काय नाही

काम वाटून घ्या: एकाकडे रेल्वे आणि संप, दुसऱ्याकडे हॉटेलं आणि संग्रहालयांच्या वेळा. खर्च एका वहीत किंवा ॲपमध्ये रोज रात्री लिहा. हॉटेलात माणशी, रात्रीप्रमाणे घेतला जाणारा शहरकर खोलीच्या भाड्याबाहेर असतो, तो विसरू नका.

कागदपत्रं मात्र वाटू नका. प्रत्येकाकडे स्वतःचा पासपोर्ट, वेगळ्या बँकेचं कार्ड, पन्नास-साठ युरो रोख आणि दोघांचीही सगळी तिकिटं स्वतःच्या फोनवर, इंटरनेटशिवाय उघडतील अशी. कारण दारं बंद होताना एक आत आणि एक फलाटावर, हे गर्दीत घडतं, आणि तेव्हा तिकिटं नेमकी दुसऱ्याच्या फोनवर असतात. त्यासाठी निघण्याआधीच ठरवून ठेवा: चढलेल्याने मधे कुठेही उतरायचं नाही, ठरलेल्या स्टेशनापर्यंत जायचं आणि तिथल्या ‘पार्तेन्झे’च्या मोठ्या फलकाखाली थांबायचं. फलाटावर राहिलेल्याने तिकीटखिडकी गाठून पुढच्या गाडीची सोय करायची आणि त्याच फलकाखाली यायचं.